चिमणीचे घर आणि हाताचे हुन्नर

(मांडवगण फराटा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आपल्या समाजातली आडनावे नुसती ओळीने वाचली, तरी एक भरली बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, मोमीन, शिकलगार. ही आडनावे म्हणजे धंदे आहेत. कोणे एके काळी आपल्या पूर्वजांच्या हातांत काही कसब होते आणि गाव त्यांना त्या कसबाच्या नावाने ओळखत होते. आज पिंजाऱ्याचा मुलगा कापूस पिंजत नाही, आणि त्याने तेच करावे असे माझे म्हणणेही नाही. पण हाताने काम करणे म्हणजे शिक्षण न मिळाल्याची शिक्षा, अशी जी समजूत आपल्या घराघरांत बसली आहे, तिच्याविषयी मला आज बोलायचे आहे. आणि ते बोलण्यासाठी मी विषय घेतला आहे चिमणीचा.

पर्यावरण, निसर्गसंवर्धन असे शब्द काढले की शिरूर तालुक्यातल्या माणसाला पहिला आठवतो तो उसातला बिबट्या. ज्यांनी आपली मुले गमावली, अशी कुटुंबे या तालुक्यात आहेत. तेव्हा शहरातून येऊन तुम्हांला वन्यप्राण्यांवर प्रेम करायला सांगणारा वक्ता तुम्हांला कसा वाटत असेल, याची मला कल्पना आहे. बिबट्याचा प्रश्न वनखात्याचा आणि सरकारचा आहे. एका भाषणात तो सुटणारा नाही. मी लहानशा जिवाविषयी बोलतो. त्याच्यासाठी काही करणे शाळेतल्या मुलालाही शक्य आहे, आणि त्यातून चार पैसेही मिळू शकतात.

त्याआधी एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. तो शब्द म्हणजे डिझाइन. हा शब्द ऐकला की आपल्याला साडीचा काठ, मेंदीची नक्षी किंवा लग्नपत्रिका आठवते. वस्तुतः नक्षी हा डिझाइनचा एक बारीकसा कोपरा आहे. गावच्या सुताराने पाभर केली, तेव्हा दोन फणांत किती अंतर ठेवायचे हे त्याने मनाने ठरवले नाही. बी कोणते, जमीन कशी, बैल केवढे, हे सारे विचारून त्याने ते ठरवले. वापरणाऱ्याची गरज नीट पाहायची, हाताशी काय सामान आहे ते पाहायचे, आणि मग वस्तूला आकार द्यायचा, याचे नाव डिझाइन. पाभर करणारा सुतार डिझायनरच होता. त्याला तसे कोणी म्हटले नाही आणि तसे पैसेही कोणी दिले नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता चिमणीकडे वळू. आपल्या देशात पक्ष्यांच्या अभ्यासाला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, ते डॉ. सालिम अली मुंबईच्या मुस्लिम घरातले. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. आईवडिलांचे छत्र लहानपणीच गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतात तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग. असला पक्षी खाणे जायज की नाही, अशी शंका मुलाच्या मनात आली, म्हणून तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे धाडले. साहेबांनी चिमणीची जात तर सांगितलीच, शिवाय कपाटे उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. एका चिमणीमुळे एका माणसाचे आयुष्य ठरले. आपल्या आत्मचरित्रालाही त्यांनी चिमणीचेच नाव दिले. ते १९८५ साली प्रसिद्ध झाले.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे सालिम अली गणिताला कंटाळून कॉलेज सोडून ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले होते. पुढे परत येऊन प्राणिशास्त्र शिकले, पण रीतसर पदवी नसल्यामुळे सरकारी खात्यातली जागा त्यांना मिळाली नाही. १९७६ साली त्याच माणसाला पद्मविभूषण मिळाले. पदवी घेऊ नका, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नका. एका विषयात मागे पडलेल्या मुलाला घरात रोज टोचून बोलू नका, एवढाच अर्थ घ्या.

सालिम अलींच्या लहानपणी चिमणीला राहायला जागा शोधावी लागत नव्हती. आपल्या भागातले जुने घर आठवा. मातीची भिंत, वर माळवद किंवा कौले, तुळईच्या टोकाशी राहिलेली फट, वळचण, कोनाडा, भिंतीवर तिरप्या टांगलेल्या तसबिरीमागची जागा. घर माणसाचे, पण त्यात चिमणीची खोली न मागता निघत असे. आता सिमेंटची सपाट भिंत, स्लॅब आणि काचेची खिडकी आली. हे घर आपल्या दृष्टीने चांगलेच आहे. पावसाळ्यात गळत नाही, भिंतीत विंचू निघत नाही. पण त्यात फट नाही. चिमणी झाडावर क्वचितच घरटे करते. तिला पोकळी लागते. शिवाय मोठी चिमणी दाणे खात असली, तरी पिलांना ती पहिले काही दिवस अळ्या आणि किडे भरवते. बांधावरची बोर, बाभूळ गेली आणि फवारणी वाढली, म्हणजे पिलांचा घास गेला.

इथे नेमके बोलले पाहिजे, कारण चिमणीविषयी पुष्कळ अफवा आहेत. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली एक अहवाल निघाला. त्यात असे दिसले की सबंध देशाचा विचार केला तर चिमणीची संख्या साधारण टिकून आहे, पण मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता अशा मोठ्या शहरांत ती घटत गेली आहे. मोबाईलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या मेल्या, असे छातीठोकपणे सांगितले जाते, त्याला अजून पक्का पुरावा नाही. खेड्यात चिमणी आहे. गेलेली वस्तू परत आणण्यापेक्षा असलेली राखणे केव्हाही स्वस्त पडते, हे बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको.

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी हे काम अंगावर घेतले. इंग्लंडसारख्या देशात चिमणी इतकी घटली की २००२ साली तिचे नाव तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत गेले. आपल्याकडे मात्र तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. वाघासाठी प्रकल्प असतो, चिमणीसाठी कोण काढणार? दिलावरांनी 'नेचर फॉरएव्हर सोसायटी' ही संस्था काढली. २००८ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्या जगभरच्या माणसांची यादी छापली, तिच्यात त्यांचे नाव होते. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस त्यांच्याच पुढाकाराने २०१० पासून पाळला जाऊ लागला, आणि २०१२ साली दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी ठरवले.

माझ्या दृष्टीने या कामातली खरी शहाणपणाची गोष्ट निराळीच आहे. त्यांनी लोकांना फक्त व्याख्याने दिली नाहीत. त्यांच्या संस्थेने चिमणीसाठी लाकडी घरटी आणि दाणे ठेवायची साधने तयार केली आणि ती लोकांना विकत दिली. व्याख्यान ऐकून माणूस हळहळतो आणि घरी जाऊन जेवतो. पैसे देऊन घेतलेली पेटी मात्र तो खिळा ठोकून टांगतो, मुलांना दाखवतो, रोज सकाळी मान वर करून पाहतो. फुकट दिलेल्या वस्तूचे असे होत नाही. ती माळ्यावर जाते.

विकणे म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडते. खिदमत आणि तिजारत एकत्र कशी, असे विचारले जाते. आपल्या रसूलांनी स्वतः व्यापार केला, हजरत खदीजा व्यापार करीत होत्या, हे आपण मुलांना शिकवतो ते कशासाठी? आणि पक्ष्यांविषयी म्हणाल तर सोबत्यांनी घरट्यातून उचलून आणलेली पिले रसूलांनी परत नेऊन ठेवायला लावली, कारण त्यांची आई वर घिरट्या घालीत होती, ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. खऱ्या मालाला खरा भाव घेणे यात कमीपणा कसला?

आता ही पेटी म्हणजे काय ते पाहा. दिसायला चार फळ्या आणि एक झाकण, पण प्रत्येक माप कोणाचे तरी ऐकून ठरते. भोक सव्वा इंचाचे हवे. त्याहून मोठे केले तर साळुंकी आत शिरते आणि चिमणीला हाकलते. भोकाखाली बसायला दांडी लावू नये. आपल्याला ती शोभेची वाटते, पण चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला मात्र पाय टेकायला जागा होते. तळ पाच-सहा इंच लांबरुंद, उंची आठ-नऊ इंच. भोक वरच्या अंगाला, म्हणजे पिले खोल राहतात आणि मांजराचा पंजा पोचत नाही. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रे, वरच्या कडेला हवेची फट. आतून तैलरंग नको. झाकण उघडणारे हवे, कारण पिले उडून गेल्यावर जुना काडीकचरा काढला पाहिजे. बिजागरी परवडत नसेल तर जुन्या चपलेच्या चामड्याची पट्टी चालते. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा लागणार नाही अशा बाजूला टांगावी. चिमणीला शेजार लागतो, म्हणून एकटी टांगण्यापेक्षा दोन-तीन जवळ टांगाव्यात.

हे सारे ऐकून शाळेतल्या कोणत्याही मुलाच्या लक्षात येईल की इथे भूमिती आहे, जीवशास्त्र आहे आणि हिशेबही आहे. फळांच्या खोक्यांच्या फळ्या बागवानांच्या घरी चुलीत जातात. त्या फळीची पेटी होऊ शकते. गावच्या सुतारकामाच्या दुकानात भोक पाडायचे यंत्र असते. शहरात याच पेटीला गिऱ्हाईक आहे, कारण चिमणी तिथून गेली आहे, आणि दरवर्षी २० मार्चच्या आसपास शाळा आणि सोसायट्या अशा पेट्या शोधत असतात. मात्र बाजारात वाईट मालही पुष्कळ आहे. भडक रंगवलेल्या, उन्हात तापणाऱ्या प्लॅस्टिकच्या, दोन इंच भोकाच्या पेट्या विकल्या जातात. त्यांचे फोटो सुंदर येतात, पण त्यांत चिमणी येत नाही. पर्यावरणाच्या नावाने खेळणी विकणारे उदंड झाले आहेत, आणि माझ्या मते ते प्लॅस्टिकच्या पिशव्या विकणाऱ्यांपेक्षा बरे नाहीत.

धंद्याचा एक धडा तर पक्ष्यानेच दिला आहे. १९३० साली नोकरी सुटलेले सालिम अली अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. सुगरणीचा नर घरटे अर्धेच विणतो आणि थांबतो. मादी येऊन पाहते, तपासते. तिला पसंत पडले तर तो पुढचे काम पुरे करतो, नाहीतर दुसरीकडे नवे सुरू करतो. पन्नास पेट्या करून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या उत्साही तरुणाने हे ध्यानात ठेवावे. आधी दोन करा, चिमणी येते का पाहा, मग पुढच्या फळ्या कापा.

चिमणीच्या पेटीने कोणाचे घर चालेल काय, असे तुम्ही विचाराल. एकट्या पेटीने कदाचित नाही चालणार. म्हणून ज्यांचे सबंध कुटुंब आणि सबंध गाव अशा कामावर उभे आहे, त्यांच्याविषयी सांगतो. कच्छमध्ये अजरख नावाचे छापील कापड होते. ते करणारे खत्री मुसलमान सोळाव्या शतकात सिंधमधून तिथे आले. मध्यंतरी स्वस्त रासायनिक रंग आले आणि हिरडा, नीळ, मंजिष्ठा मागे पडली. धमडका गावच्या मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी १९७० नंतरच्या काळात मुलांना हाताशी धरून जुने रंग पुन्हा उभे केले. गुजरात राज्याच्या हस्तकला महामंडळाने त्या कापडाला 'गुर्जरी' दुकानांतून बाजार दिला. त्यांचे चिरंजीव इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधल्या लेस्टर येथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. रंगाऱ्याच्या मुलाला, रंगकामासाठी.

त्यांचा काळा रंग कशापासून होतो ठाऊक आहे? गंजलेले लोखंड आणि गूळ. दोन्ही पाण्यात घालून आंबू देतात, मग त्यात चिंचोक्याचे पीठ मिसळून लाकडी ठशाने छापतात. गूळ तर आपल्याकडचा! कापड पुनःपुन्हा धुवावे लागते, म्हणून अजरखचा सारा जीव पाण्यात असतो. धमडक्याची नदी आटली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा या मंडळींनी पाणी तपासून भूजजवळ दुसरी जागा घेतली आणि तिथे अजरखपूर हे नवे गाव वसवले. पाणी बिघडले म्हणजे धंदा बुडतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आपण भीमेच्या काठी राहतो. वाहत्या नदीवर बसून वजू करतानाही पाणी उधळू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. पण नदी आपली नसून कुणा दुसऱ्या खात्याची असल्यासारखे आपले वागणे असते.

गुळावरून आठवले. नदीपलीकडे दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी चुलाणात चिपाडाबरोबर प्लॅस्टिक आणि रबरी कचरा जाळला जातो, अशा तक्रारी झाल्या. गुऱ्हाळवाल्यावर नुसते रागावून भागत नाही, त्याला जळण स्वस्त हवे असते. कमी चिपाडात काहील उकळेल असे चुलाण करून देणे, हेही डिझाइनचेच काम आहे. इथल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ते हाती घेतले, तर तो सरकारी नोकरीच्या रांगेत उभा राहण्यापेक्षा गावाच्या अधिक उपयोगी पडेल.

शिकलेला मुलगा गावात राहत नाही, ही पालकांची दुसरी तक्रार. जावा बेटावरच्या कांदांगान खेड्यातले सिंगीह कार्तोनो यांचे उदाहरण घ्या. बांडुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेत वस्तूंचे डिझाइन शिकून ते आपल्या खेड्यात परतले आणि तिथल्या तरुणांना हाताशी घेऊन लाकडी रेडिओ करू लागले. लाकूड थोडे लागेल अशी वस्तू निवडली, आणि झाडाच्या बदल्यात झाडे लावण्यासाठी रोपवाटिका केली. ते रेडिओ परदेशांत विकले गेले. पुढे त्यांनी बांबूची सायकल केली. २०२२ साली इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना बागेत फिरवले ते याच सायकलींवरून. बांबू आपल्याकडे काय कमी आहे?

आता रोखठोक बोलतो. चित्र काढून पोट भरते का, असे म्हणून मुलाच्या हातातली वही हिसकावून घेणारे वडील मी पाहिले आहेत. त्या वडिलांना बहुधा कोणी सांगितलेले नसते की महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शाळेतूनच देता येतात आणि त्यांचे गुण दहावीला मिळतात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये डिझाइनचा विभाग १९६९ पासून आहे आणि त्याच्या पदवीची प्रवेशपरीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते. ज्याला तेवढे शक्य नाही, त्याला आय. टी. आय. चा सुतारकामाचा वर्ग आहे. शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांची चौकशी संस्थेच्या कार्यालयात करा, लाजू नका.

मुलींच्या बाबतीत तर आपण फार मोठा ऐवज वाया घालवतो. ईदच्या आदल्या रात्री मेंदी काढणारी आपली मुलगी तळहाताएवढ्या जागेत जी रचना बसवते, ती कागदावर उतरवायला तिला सांगा आणि चित्रकलेच्या शिक्षकांना दाखवा. लग्न ठरेपर्यंतचा विरंगुळा म्हणून तिच्या हाताकडे पाहू नका. आणि हो, कुंपणाला मेंदीच लावा. काटेरी तारेपेक्षा ती चिमणीच्या पिलांना अळ्या पुरवील.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. कार्यानुभवाच्या तासाला या वर्षी दहा पेट्या करून घ्याव्यात. फळ्या फुकट मिळाल्या तरी त्यांची किंमत धरावी. खिळे, चामडे, सुताराची मजुरी आणि मुलांचा वेळ हे सारे लिहावे आणि विक्रीची किंमत मुलांनीच ठरवावी. पाच गावात टांगाव्यात, पाच पुण्याला विकाव्यात. कोणत्या पेटीत कधी काडी गेली, पिले कधी उडाली, याची वही ठेवावी. पुढच्या वार्षिक अंकात माझ्या भाषणाऐवजी ती वही छापली तर मला अधिक आनंद होईल.